सायकलस्वाराचें ऋण

रस्ता कोणाचा, हा प्रश्न पुण्यासारख्या शहरांत केवळ वाहतुकीचा राहत नाहीं. तो न्यायाचा होतो. एके काळीं हें सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. २००६ सालीं कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बी.आर.टी. आली, तिच्याबरोबर सायकलमार्गही आले. २०१७ सालीं महापालिकेनें सायकल आराखडा मंजूर केला व त्यांत ८०० किलोमीटरांहून अधिक लांबीचें जाळें योजिलें. परंतु अशा मार्गाची कसोटी त्याच्या लांबीवर नसते, तो कोठें तुटतो यावर असते. बहुधा तो चौकापाशींच, म्हणजे संरक्षणाची खरी गरज जेथें तेथेंच, संपतो; मधल्या वाटेंत उभ्या केलेल्या मोटारींचा पाहुणचार निराळाच.

सायकलस्वार धूर सोडीत नाहीं, जागा थोडी अडवितो, इतरांस इजा क्वचितच करतो. लाभ सर्वांस, धोका मात्र एकट्या त्यास! आणि आपण त्याच्या काटकपणाची स्तुति करतों. ही स्तुति मला संशयास्पद वाटते. ऋण फेडावयाचें नसलें कीं सावकाराचे गुण गावे, तशांतला हा प्रकार आहे.

रविवारीं हौसेनें सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाणाऱ्याचें कौतुक असो. त्याच्या दारीं बहुधा मोटारही असते. रात्रपाळी संपवून परतणाऱ्या पहारेकऱ्याला मात्र सायकल हेंच परवडणारें वाहन. नुसतें कामावर जाण्यासाठीं त्याच्याकडून रणांगणावरील धैर्य मागण्याचा अधिकार नगरास कोणी दिला? त्याला द्यावयाचें तें फार नाहीं: चार-पांच हात रुंदीची सलग वाट, आणि चौकांत मोटारींच्या आधीं निघूं देणारा दिवा. त्यापायीं मोटारी उभ्या करण्याची कांहीं जागा जाईल; वाद खरोखर तेथेंच आहे.