भाऊसाहेब बांदोडकरांचे स्मरण

(सामान्य काळातील एकोणिसावा रविवार)



गेल्या रविवारी आपण कोठारे मोठी बांधू पाहणाऱ्या श्रीमंत माणसाचा दाखला ऐकला. त्याच रात्री त्याचा प्राण गेला आणि कोठारे जागच्या जागी राहिली. आज संत लूक आपल्याला एका कारभाऱ्याची गोष्ट सांगतो. धनी केव्हा परतेल हे त्याला ठाऊक नाही आणि ज्याच्या हाती अधिक सोपवले आहे त्याच्याकडून हिशेबही अधिक घेतला जाणार आहे.

हे वाचताना मला येत्या १२ ऑगस्टची आठवण झाली. १९७३ साली त्या दिवशी गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर हृदयविकाराने, पदावर असतानाच वारले. आपल्यापैकी कितीतरी जण रोज कामासाठी किंवा बांबोळीच्या इस्पितळात गोव्याला जातात. मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे, ती अनेकांनी पाहिली असेल. जन्माने ते पेडण्याचे, म्हणजे आपले शेजारीच.

चर्चच्या पत्रिकेत एका हिंदू राजकारण्याचे नाव कशाला, असे कोणी विचारील. त्यातही असा नेता, ज्याच्या मुख्य मागणीविरुद्ध गोव्यातील बहुसंख्य कॅथलिकांनी मतदान केले! ते नाव मी मुद्दाम त्याचसाठी घेतले आहे.

भाऊसाहेब मूळचे खाणमालक. खाणीच्या धंद्यात त्यांनी पैसा मिळवला आणि मोठमोठ्या घराण्यांच्या गोव्यात बहुजन समाजातला हा माणूस डिसेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाला. गावोगावी प्राथमिक शाळा निघाल्या. १९६४ साली कूळ कायदा आला. दुसऱ्याच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या कुळांना त्याने संरक्षण दिले. त्या कुळांत हिंदू होते तसे ख्रिस्तीही होते, आणि भाटकारांतही दोन्ही होते. संत थॉमस अक्विनस म्हणतो की संपत्ती माणसाने आपली म्हणून सांभाळावी, पण तिचा उपयोग करताना ती सर्वांची आहे असे समजावे. सेमिनरीतल्या परीक्षेत हे उत्तर मी बरोबर लिहिले होते. त्याचा अर्थ मात्र मला कुळांच्या घरी जाऊ लागल्यावर कळला.

गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, ही त्यांची मोठी इच्छा होती. आपल्या भागातही पुष्कळांना तसेच वाटे. (तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, आपण रत्नागिरीतच मोडत होतो.) विरोधात उभे होते डॉ. जॅक सिक्वेरा. तेही व्यावसायिक, तेही आमदार, आणि कॅथलिक. जनमत कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. ज्या मागणीवर त्यांचा पक्ष उभा होता तीच लोकांनी नाकारली.

मला खरे महत्त्वाचे वाटते ते पुढचे. अडीच महिन्यांच्या आत विधानसभेची निवडणूक झाली आणि लोकांनी पुन्हा बांदोडकरांच्याच पक्षाला बहुमत दिले. तुमचे हे म्हणणे आम्हांला मान्य नाही, पण कारभार तुम्हीच करा, असे जणू लोक म्हणाले. बांदोडकर त्याच गोव्याचा कारभार मरेपर्यंत पाहत राहिले. सिक्वेरा समोरच्या बाकावर बसले.

मी त्यांना संत ठरवायला निघालेलो नाही. त्यांचा कारभार एकहाती आहे अशी तक्रार होती आणि १९७० मध्ये त्यांच्याच पक्षातील काही आमदारांनी बंड केले. खाणींनी डोंगरांचे आणि शेतांचे काय केले, हे आज आपण डोळ्यांनी पाहतो. मृताविषयी बोलताना आपण एकतर सगळे झाकतो, नाहीतर त्याच्या पक्षाकडे बघून त्याचे माप काढतो. दोन्ही खोटेच. हिशेब घेणारा धनी वेगळा आहे, तो न्यायी आहे आणि दयाळूही आहे. सार्वजनिक हितासाठी अधिकारपदाचे ओझे वाहणाऱ्यांच्या कामाचा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने गौरव केला आहे, आणि तो करताना त्यांचा धर्म विचारलेला नाही.

आता आपल्या घरचे बोलतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून आपल्या धर्मग्रामातील दोन घरांचे बोलणे बंद आहे. दोन्ही घरे मिस्साला येतात, पण शांतीचे चिन्ह देताना एकजण डावीकडे वळतो, दुसरा उजवीकडे. वेदीवरून मला ते दर रविवारी दिसते. मागच्या महिन्यात त्यांतल्या एका घरातून मयत निघाली तेव्हा दुसऱ्या घरातले कोणी खांदा द्यायला आले नाही. गेलेल्या माणसाने वॉर्डातल्या विहिरीसाठी तालुक्याला किती खेपा घातल्या होत्या, हे न आलेल्यांना चांगले ठाऊक आहे. त्या विहिरीचे पाणी दोन्ही घरे पितात. मी नावे घेत नाही. घ्यायची गरजही नाही.

मी स्वतः त्या दोन्ही घरी जायला उशीर केला, हा माझा दोष आहे. या आठवड्यात मी जाणार आहे.

१२ तारखेला सकाळच्या मिस्सात आपण गावासाठी, तालुक्यासाठी आणि राज्यासाठी झटून गेलेल्या सर्व मृत लोकप्रतिनिधींसाठी प्रार्थना करू, मग ते कोणत्याही पक्षाचे आणि कोणत्याही धर्माचे असोत. ज्यांना आपल्या ओळखीच्या अशा मृतांची नावे द्यायची असतील त्यांनी ती चिठ्ठीवर लिहून सोमवारी संध्याकाळपर्यंत कचेरीत द्यावीत. मिस्सानंतर आपण दफनभूमीत जाऊन मागच्या महिन्यातल्या त्या कबरीवर प्रार्थना म्हणू. मेणबत्त्या मी आणतो.

तुमचा,
धर्मगुरू