दणका कुणी सोसायचा?

बंदूक उडाली की गोळी पुढे जाते आणि बंदूक मागे येते. न्यूटनने १६८७ साली ग्रंथबद्ध केलेला क्रिया-प्रतिक्रियेचा हा नियम शिकाऱ्याला त्याच्या खांद्याचे हाड शिकविते. सवयीच्या माणसाला त्याचे काही वाटत नाही. परंतु बारा वर्षांच्या कोवळ्या खांद्यावर रायफलीचा दस्ता आदळला म्हणजे डोळ्यांत पाणी येते. म्हणून अमेरिकेत हरणाच्या शिकारीला प्रथमच निघणाऱ्या मुलामुलींसाठी त्यांचे वडील किंवा आजोबा कमी दणक्याची काडतुसे घरीच भरून देतात. वरवर पाहता ही कारागिरीची बाब आहे. तथापि तिच्या पोटी एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्या कृत्याने एका जिवाचा अंत व्हायचा, ते कृत्य करणाऱ्याला सोपे करून द्यावे काय? आणि दिले, तर त्याच्या खांद्यावरून उतरलेला भार जातो कुठे?

आमच्या बहुतेक वाचकांनी बंदूक हाती धरलेली नसेल. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा ठरला आहे, आणि तो गुन्हाच राहावा असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांची मुले आज अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. त्यांच्या लेकरांचे वर्गमित्र नोव्हेंबर महिन्यात आजोबांबरोबर रानात जातात, यांनाही बोलावतात, आणि मग इकडे आजी काळजीने विचारते, ‘फादर, हे पाप तर नाही ना?’ हा प्रश्न आम्हाला एकदा नव्हे, दोनदा विचारण्यात आला आहे. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

काही वर्षांपूर्वी विस्कॉन्सिन राज्यातील एका ग्रामीण धर्मग्रामात काही महिने सेवेसाठी राहण्याचा योग आम्हाला आला होता. तेथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरीण मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. त्या रविवारच्या मिस्साला भडक नारिंगी रंगाची जाकिटे घातलेली माणसे मागच्या बाकांवर दिसतात. रानात माणूस माणसाला दिसावा म्हणून कायद्यानेच असा भडक पोशाख सक्तीचा केला आहे. राज्याच्या दक्षिणेकडील शेतीपट्ट्यात लांडगे जवळजवळ उरलेले नाहीत. पांढऱ्या शेपटीची हरणे मात्र अमाप वाढतात, मका आणि सोयाबीन फस्त करतात, रस्त्यांवर मोटारींखाली सापडतात. मारलेल्या हरणाचे मांस घरोघरी वर्षभर खाल्ले जाते. २००० सालापासून तेथे ते गरजूंसाठी दान करण्याची व्यवस्थाही आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबतीत संयमित आहे. अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करणे ती निषिद्ध मानत नाही. परंतु त्यांना विनाकारण यातना देणे मानवाच्या प्रतिष्ठेला विरोधी आहे, असे १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात सांगितले आहे. संत थॉमस अक्वायनस याहून पुढे जात नाहीत; प्राण्यावर दया करणारा माणूस माणसावर दया करायला शिकतो, इतकेच ते म्हणतात. आम्हाला स्वतःला हे अपुरे वाटते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात इतर सृष्ट जीवांना परमेश्वरापुढे स्वतःचे मोल आहे असे निक्षून सांगितले, ते मनाला अधिक पटते. हरीण दुखावले तर ते प्रथम हरणाचे दुःख असते. आमच्या सद्गुणांचा प्रश्न त्यानंतरचा. (जाता जाता सांगायला हरकत नाही की, १९१७ च्या धर्मविधिसंहितेने आम्हा धर्मगुरूंना शिकारीच्या नादी लागू नका आणि लवाजम्यानिशी गाजावाजाची शिकार तर कधीच करू नका, असे बजावले होते. गंमत अशी की, शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत ह्युबर्ट हे मात्र लिएजचे बिशप होते.)

आता मूळ मुद्द्याकडे वळू. नवशिक्याचा खरा शत्रू खांद्यावरचा वळ नव्हे. वळ दोन दिवसांत जातो. पण शरीर तो दणका लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी चाप ओढण्याच्या क्षणीच डोळे मिटतात, खांदा आखडतो, बोट हिसका देते. बंदूक उडण्यापूर्वीच नेम ढळलेला असतो. कागदी लक्ष्यावर असे झाले तर दोन बोटांचा फरक पडतो; रानात झाले तर गोळी हृदय-फुप्फुसांऐवजी पोटात किंवा पायात शिरते. पोटात गोळी लागलेले हरीण लगेच मरत नाही. ते झाडीत जाऊन पडते आणि तासन्‌तास तळमळते. कित्येकदा सापडतही नाही. तेव्हा ‘दणका खाल्ल्याशिवाय शहाणपण येत नाही’ असे म्हणणाऱ्या कडक शिक्षकांना आम्ही विचारू इच्छितो की, त्या शहाणपणाची फी कोण भरतो? मुलाला कणखर करण्याच्या नादात तुम्ही तिसऱ्याच जिवाच्या वेदना खर्ची घालता. सोसण्याला आपल्या धर्मात मोल आहे हे खरे. परंतु ज्या सोसण्याने दुसऱ्याचे सोसणे वाढते, त्याला आम्ही तप म्हणणार नाही.

म्हणून दणका हलका करणे योग्यच. पण कसा? जड रायफल, दस्त्याला रबरी गादी, लहान जातीचे काडतूस, कानांवर दुहेरी संरक्षण हे उपाय आहेतच. किंबहुना मुलाला धक्क्यापेक्षा आवाजाचीच धास्ती अधिक असते, असे जाणते सांगतात. तथापि घरात असते ती आजोबांची रायफल, आणि तिला चालेल असेच काडतूस हवे. उडालेल्या काडतुसाचे पितळी कवच पुन्हा वापरता येते. ते साच्यात घालून मूळ आकारात आणायचे, तळाशी ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, दारू ग्रेनच्या तराजूवर तोलून आत ओतायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची. एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. (दारू हा शब्द वाचून आमच्या काही वाचकांच्या चेहऱ्यावर स्मित उमटेल, ही निराळी. मात्र तोलून मापून वापरावी हा नियम येथे अधिक काटेकोर पाळला जातो.)

दारू कमी केली की दणका कमी, असे सोपे गणित मात्र नाही. मंद जळणाऱ्या दारूचे माप फार घटविले, तर ती उशिरा पेट घेऊ शकते, किंवा उलट अनपेक्षित दाब निर्माण करून बंदूक फोडू शकते. माप अगदीच तोकडे पडले तर गोळी नळीतच अडकते, आणि ते लक्षात न येता दुसरी झाडली तर नळी फाटते. ज्या थोड्या दारूंच्या बाबतीत असे घटविणे निर्धोक आहे, त्यांत हॉजडन कंपनीची एच ४८९५ ही प्रसिद्ध आहे. कंपनीच्या पुस्तकात एखाद्या रायफल-काडतुसासाठी या दारूचे जे कमाल माप छापले असेल, त्याच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली येता येते असे कंपनीच सांगते. त्या काडतुसापुढे या दारूचे नाव छापलेले नसेल तर नियम लागू नाही. या दारूचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक राहिलेली सैन्याची ४८९५ दारू विकत घेऊनच हॉजडन यांनी आपला धंदा सुरू केला. तलवारींचे नांगर झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण रणांगणासाठी बनलेल्या दारूचा वारसा मुलांचा खांदा वाचविण्याच्या कामी आला, हे खरे.

आता आकडे पाहा. ३०८ विंचेस्टर काडतुसात १५० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २८०० फूट वेगाने निघते. तिच्या जागी १२५ ग्रेनची गोळी २१०० फुटांनी सोडली, तर सात पौंडांच्या त्याच रायफलीचा दणका निम्म्याहून बराच खाली येतो. कारण दणक्याची ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. एक तृतीयांश संवेग कमी झाला की निम्म्याहून अधिक ऊर्जा गळून पडते. मुलासाठी ही केवढी सवलत! पण त्याच हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला गोळीची ऊर्जाही निम्म्याहून कमी झालेली असते. शिकारीच्या गोळीचे शिशाचे मऊ टोक शरीरात शिरताच कळीसारखे उमलावे लागते, तरच मृत्यू त्वरित येतो. अनेक गोळ्यांना त्यासाठी सुमारे १८०० फुटांचा वेग लागतो, आणि आमची ही हलकी गोळी शंभर यार्डांच्या आसपासच तेथवर उतरते. त्यापलीकडे ती न उमलता आरपार जाण्याचा संभव असतो. हरणाच्या दृष्टीने सौम्य गोळी म्हणजे दया नव्हे. तो लांबलेला मृत्यू होय.

येथे नीतिशास्त्राचा विद्यार्थी थबकतो. खांद्यावरून जे उतरले ते नाहीसे झाले नाही. कुणाच्या तरी अंगावर ते जाणारच. आपल्या घरांतही मुलाचे ताट मुलाने उचलायचे नाही असे ठरले, की ते बहीण उचलते. तसेच येथेही हलक्या काडतुसाचा भार एक तर हरणाने सोसायचा, नाही तर शिकविणाऱ्याने. न्याय एवढाच सांगतो की तो शिकविणाऱ्याने घ्यावा. लवकर उमलणारी मऊ गोळी त्याने शोधावी. प्रत्येक काडतूस दोनदा तोलावे. हलकी व भारी काडतुसे बाहेरून सारखीच दिसतात, म्हणून त्यांचे डबे वेगळे ठेवून त्यांवर ठळक लिहावे. हलकी गोळी निराळ्या जागी लागते, म्हणून रायफलीचा नेम नव्याने जुळवून घ्यावा. सर्वांत कठीण म्हणजे, हरीण जवळ येईपर्यंत थंडीत बसून राहावे, आणि ते न आल्यास रिकाम्या हाताने परतावे.

याच संदर्भात शिकाऱ्यांमध्ये एक युक्ती प्रचलित आहे. वर्षभर मुलाला हलक्या काडतुसांवर सराव द्यायचा आणि प्रत्यक्ष रानात मात्र गुपचूप भारी काडतूस भरून द्यायचे. हरीण समोर असताना उत्तेजनेमुळे दणका जाणवत नाही, असा अनुभव आहे, आणि तो बहुधा खराही असावा. युक्ती हरणाच्याही हिताची आहे. मग तिला नावे का ठेवावीत? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. नेम भारी काडतुसाला जुळविला असेल तर हरणाची बाजू सुरक्षित राहते, हे मान्य केले पाहिजे. तरीही हे गुपित आम्हाला मान्य नाही. मृत्यू घडविणाऱ्या हातात काय दिले आहे हे त्या हाताच्या मालकाला ठाऊक असलेच पाहिजे. जबाबदारी अज्ञानावर उभी राहत नाही. ज्याला आपण न सांगता काम करवून घेतो, त्याला आपण हत्यार बनवितो. भारी काडतूसच द्यायचे असेल तर तसे सांगून द्यावे, आणि ऐकून मूल बिचकले तर त्याची वेळ अजून आलेली नाही असे समजावे. विस्कॉन्सिनने २०१७ साली शिकाऊ शिकाऱ्यासाठी किमान वयाची अटच काढून टाकली. अनुभवी माणूस हाताच्या अंतरावर असला म्हणजे झाले. आमच्या मते ही सवलत प्रमाणाबाहेरची आहे. मृत्यू म्हणजे काय हे ज्याला उमगत नाही, त्याच्या खांद्याची काळजी घेऊन काय उपयोग?

विस्कॉन्सिनमध्येच राहून गेलेले आल्डो लिओपोल्ड हे वन्यजीवांचे थोर अभ्यासक. शिकाऱ्याची वागणूक पाहायला रानात प्रेक्षक नसतात, त्याचा न्याय त्याच्याच विवेकबुद्धीला करावा लागतो, अशा आशयाचे त्यांनी लिहून ठेवले आहे. आमच्या त्या धर्मग्रामातील एका वृद्ध गवळ्याच्या घरी तळघरात आम्ही काडतुसे भरण्याचे मेज पाहिले होते. नात बारा वर्षांची, शाळकरी. म्हाताऱ्याने तिच्यासाठी हलक्या काडतुसांचा डबा निराळा ठेवून त्यावर लाल रंगात तिचे नाव लिहिले होते आणि दारू तोलताना तिलाच शेजारी बसविले होते. रानातील बसण्याच्या जागेपासून ऐंशी पावलांवर चोहोबाजूंनी झाडांना त्याने कापडाच्या चिंध्या बांधल्या होत्या. चिंधीच्या पलीकडचे हरीण आपले नाही, असे नातीशी ठरले होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कापणी झालेल्या मक्याच्या शेताच्या कडेला एक मोठा नर येऊन उभा राहिला. तो चिंध्यांच्या बराच पलीकडे होता. म्हातारा काही बोलला नाही. मुलीने थोडा वेळ पाहिले आणि रायफल गुडघ्यांवर आडवी ठेवली. दिवस मावळेपर्यंत दोघे तशीच बसून होती, आणि तो चरत चरत झाडीत निघून गेला. मिस्सा आटोपल्यावर वेदीसेवकांच्या खोलीच्या दाराशी हे सारे त्याने आम्हाला सांगितले. शिंगे फार मोठी होती, असे मात्र त्याने दोनदा सांगितले.