थांबवलेल्या सेकंदाचा हिशेब

घड्याळ थांबवता येते, काळ थांबवता येत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ऐकून सोडूनही देतो, कारण रोजच्या व्यवहारात या दोहोंचा वाद क्वचितच उभा राहतो. संगणकावर खेळ रचणाऱ्या माणसापुढे मात्र तो पहिल्याच दिवशी येतो. पडद्याच्या कोपऱ्यात साठपासून उलटे मोजणारा टायमर हवा आणि खेळाडूने विरामाची कळ दाबली की तो थबकावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. काम किरकोळ वाटते. ते करू लागले की थांबवणे म्हणजे नेमके काय करणे, आणि जो वेळ थांबवला तो कोणाच्या खाती घालायचा, असे प्रश्न पुढे येतात. ते केवळ यंत्राचे प्रश्न नव्हेत.

नवशिक्याला सुचणारी रीत अशी. पडदा सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने रंगवला जातो. तेव्हा दर खेपेला सेकंदाचा साठावा भाग वजा करावा. विराम हवा असेल तर वजाबाकी बंद ठेवावी. रीत सुटसुटीत आहे आणि चुकीची आहे. यंत्र जुने असेल, किंवा त्याच वेळी दुसऱ्या कामात गुंतले असेल, तर पडदा सेकंदाला ४० वेळाच रंगतो आणि खेळातले ६० सेकंद भिंतीवरच्या घड्याळाचे ९० होतात. ‘दर सेकंदाला मला जागे कर’ असे यंत्राला सांगून ठेवले तरी दोष जात नाही. ठरल्या वेळेनंतर किती उशिरा जागे करील याची हमी ते देत नाही, आणि हा थोडाथोडा उशीर साचत जातो. अशा टायमरला काळ कळत नाही. त्याला फक्त स्वतःची पावले मोजता येतात.

भास्कराचार्यांच्या लीलावतीची आख्यायिका बहुतेकांनी ऐकलेली असते. फैजीने १५८७ साली त्या ग्रंथाचा फारसी अनुवाद केला, त्यात ती आढळते. खरीखोटी कोण जाणे. विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र पाण्यात सोडले होते. वाकून पाहणाऱ्या लीलावतीच्या अलंकारातला एक मोती त्यात पडला, छिद्र बुजले, पाणी शिरेना, पात्र बुडेना. मंडळी निश्चिंत बसून राहिली आणि मुहूर्त टळून गेला. घटिकापात्रही पावलेच मोजते. तळच्या छिद्रातून पाणी येऊन ते भरले आणि बुडाले की एक घटका झाली, म्हणजे आपली २४ मिनिटे. मोत्याने जे केले तोही विरामच. फक्त तो कोणी मागितला नव्हता आणि कोणी नोंदवला नव्हता.

जाणता रचनाकार पावले मोजत नाही, घड्याळाला विचारतो. खेळ सुरू होताच यंत्रातल्या घड्याळाचा आकडा तो टिपून ठेवतो आणि पडदा रंगवताना दर वेळी ‘आता किती?’ असे विचारून वजाबाकी करतो. मधली एखादी खेप हुकली तरी पुढच्या खेपेला हिशेब आपोआप जुळतो. विरामाची कळ दाबल्याचा क्षण टिपला जातो, खेळ पुन्हा सुरू झाल्याचाही. दोहोंमधले अंतर ‘माफ’ या वेगळ्या खात्यात जमा होते. गेलेल्या एकूण वेळातून माफ वेळ वजा केला की खेळाडूने खरोखर वापरलेला वेळ मिळतो. घड्याळही जपून निवडावे लागते. तारीख-वार दाखवणारे घड्याळ कोणालाही पुढेमागे करता येते. गमावलेले ‘प्राण’ अर्ध्या तासाने परत देणाऱ्या खेळात, फोनची वेळ पुढे ढकलून ते आत्ताच पदरात पाडून घेणारी हुशार मुले आपण पाहिली आहेत. म्हणून संगणकात आणखी एक घड्याळ असते. त्याला तारीख ठाऊक नसते, आणि कोणी सांगितले म्हणून ते मागे जात नाही.

या दोन रीतींतला फरक केवळ अचूकतेचा आहे असे मला वाटत नाही. पहिल्या रीतीत विरामाचा वेळ जणू घडलाच नाही. दुसऱ्या रीतीत तो घडला, मोजला गेला आणि मग माफ केला गेला. सावकाराने व्याज सोडले तर वहीत तशी नोंद होते. वहीचे पानच फाडले तर त्याला कोणी माफी म्हणत नाही. ज्या विरामाची लांबी कोणालाच सांगता येत नाही, तो न्याय्य होता की नव्हता हे तपासायलाही काही उरत नाही.

याचे जिवंत उदाहरण ३० जुलै २०१२ रोजी लंडनच्या ऑलिंपिकमध्ये घडले. महिलांच्या एपे तलवारबाजीची उपान्त्य लढत. एका बाजूला दक्षिण कोरियाची शिन आ-लाम, दुसऱ्या बाजूला जर्मनीची ब्रिटा हायडेमान. गुण ५-५, आणि बरोबरी टिकली तर शिन जिंकणार असा नियमाचा कौल. घड्याळावर एक सेकंद उरला होता. झटापट होई, घड्याळ थांबे, पुन्हा सुरू होई, आणि आकडा एकच राही. कारण ते पूर्ण सेकंदच दाखवीत होते. एकदा ते शून्यावर गेले, तेव्हा पुन्हा एकवर आणून ठेवले गेले. अखेर हायडेमानचा वार लागला. शिनच्या बाजूने तक्रार झाली. निकाल लागेपर्यंत ती जवळजवळ तासभर त्याच पट्टीवर रडत बसून होती. तक्रार फेटाळली गेली. पडद्यावर दिसण्यापुरता काढलेला ढोबळ आकडा हाच खरा हिशेब मानून पुढचा खेळ त्यावर चालवला गेला, ही तिथली खरी गफलत. खर्च झालेले अंश माफही झाले नव्हते आणि वजाही झाले नव्हते. ते नुसते नाहीसे झाले. आता त्या खेळात शेवटचे दहा सेकंद शतांशांसह दिसतात.

हिशेब चोख ठेवला तरी एक प्रश्न उरतो. घड्याळ थांबले असताना खेळाडूची बुद्धी थांबत नाही. निन्टेन्डोच्या १९८९ मधल्या टेट्रिसमध्ये विराम घेतला की ठोकळ्यांची मांडणीच पडद्यावरून नाहीशी होते. वेळ माफ, पण त्या वेळात विचार करण्याची मुभा नाही, असा हा करार. बुद्धिबळातही डाव दुसऱ्या दिवसावर ढकलताना ज्याची खेळी असे त्याने ती कागदावर लिहून पाकिटात बंद करायची, अशी प्रथा होती. रात्रभर दोघांनी विचार करावा, पण एकाला पुढची खेळी ठाऊक नाही आणि दुसऱ्याला ती बदलता येत नाही. १९७२ साली रेक्याविकला स्पास्कीने फिशरविरुद्धचा एकविसावा आणि शेवटचा डाव असा तहकूब असतानाच दूरध्वनीवरून सोडला. पुढे संगणक रात्रीतून डाव उलगडू लागले, तेव्हा पाकीट निरर्थक झाले आणि १९९० च्या दशकात ही प्रथा मागे पडली.

आपल्याकडे गणेशोत्सवात प्रश्नमंजूषा पडद्यावर घेण्याची हौस आता बरीच रुजली आहे. मध्येच ध्वनिक्षेपक बंद पडतो, घड्याळ थांबवले जाते, आणि थांबवणारा बहुधा सभागृहातल्या कोणा स्पर्धकाचा काका किंवा मामा असतो. पडद्यावर ८ दिसत असले तरी शिल्लक ७.४ सेकंद असतील तर तेवढेच परत द्यावेत, पण प्रश्न मात्र नवा द्यावा, असे माझे मत आहे. जुना प्रश्न सर्वांनी तोवर मनात सोडवलेला असतो, आणि पहिल्या रांगेतून कुजबुजही झालेली असते. स्पर्धकाचे काहीच गेले नाही, मग नवा प्रश्न कशाला, असे म्हणणारे भेटतील. शेजारी बसलेल्या दुसऱ्या गटाला विचारावे. शिवाय शिल्लक वेळेच्या खाली ‘माफ’ खात्यातला आकडाही सर्वांना दिसत राहावा. आज्ञावलीत त्यासाठी दोन ओळी पुरतात.