परीक्षेचे गुण आणि माणसाचे मोल



वैद्यकीय महाविद्यालयात कोणी जावे हे आज आपल्या देशात नीट नावाची एकच परीक्षा ठरविते. तिच्याविषयी आपल्या वस्त्यांतून दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, आपल्या मुलांना बाहेर ठेवण्यासाठीच ही भिंत उभी केली आहे. कोणी म्हणतो, परीक्षेत मिळाले तेवढेच मुलाचे मोल. दोन्ही मते बुद्धीला पटतात का, हे पाहिले पाहिजे.

आधी परीक्षेच्या बाजूने बोलतो, कारण तसे बोलणारे आपल्यात थोडे. नीटची उत्तरपत्रिका यंत्र तपासते आणि यंत्राला आडनावाशी कर्तव्य नसते. मुलाखतीच्या खोलीत आधी गाव विचारतात, मग वडिलांचा धंदा, मग आडनाव. तेवढ्यात निकाल लागलेला असतो! शिक्षकाच्या हातातील गुणांत काय काय मिसळते हे मी स्वतः शिक्षक असल्यामुळे जाणतो. आडनावाचे ओझे ज्यांनी वाहिले त्यांनी तरी अशा परीक्षेला एका फटक्यात मोडीत काढू नये.

परंतु जे यंत्र आडनाव पाहत नाही ते शिकवणीची फीही पाहत नाही. लातूरला दोन वर्षे शिकवणीत राहिलेला आणि एकदा हुकल्यावर पुन्हा वर्षभर तयारी केलेला मुलगा, आणि एका खोलीत भावंडांच्या गलक्यात वाचणारी मुलगी, या दोघांना माप एकच. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलीला अकरावीचे विज्ञान इंग्रजीत शिकावे लागते. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतून मागता येते, हे खरे. पण दोन वर्षे इंग्रजीत घोकलेल्या संज्ञा ऐन परीक्षेत मराठीतून ओळखायच्या कशा? जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आरक्षणाच्या निकालात मान्य केले की, काही वर्गांना पिढ्यान्‌पिढ्या मिळालेले सामाजिक, आर्थिक व सांस्कृतिक लाभ अशा स्पर्धेच्या गुणांत दिसत नाहीत.

मग हे गुण सांगतात तरी काय? बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ वजा. म्हणजे एका प्रश्नाचा अंदाज लागला की चुकला, यावर ५ गुणांचा फरक. २०२४ साली २३ लाखांवर मुले बसली. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. एवढ्या गर्दीत ५ गुणांनी क्रमांक हजारोंनी खाली-वर जातो. ज्याला रक्ताभिसरण ठाऊक नाही त्याने डॉक्टर होऊ नये, एवढे परीक्षा नीट सांगते. पण ५ गुणांनी पुढे असलेला मुलगा मागच्या मुलीहून चांगला डॉक्टर होईल, हे तिला सांगता येत नाही. ती चाळणी आहे, आणि आपण तिला तराजू समजतो.

विनयपिटकात जीवकाची कथा आहे. उकिरड्यावर टाकलेले ते मूल अभय राजकुमाराने वाढविले. मोठा होऊन तो तक्षशिलेला वैद्याकडे गेला, शिकू इच्छितो म्हणाला, आणि वैद्याने त्याला शिकविले. सात वर्षांनी परीक्षा झाली: तक्षशिलेभोवती योजनभर फिर आणि जे औषधी नाही असे काही दिसेल ते घेऊन ये. जीवक रिकाम्या हातांनी परतला. औषधी नाही असे त्याला काही दिसलेच नव्हते. आचार्यांनी शिक्षण पुरे झाल्याचे सांगितले. त्या परीक्षेत दुसरे कोणी हरले नाही. अर्थात त्या आचार्यांच्या दारात २३ लाख शिष्य उभे नव्हते! जागा थोड्या आणि मागणारे फार, तेथे कोणती तरी रीत लावावीच लागते. चिठ्ठ्या टाका, असे मी म्हणत नाही.

मला चिंता आहे ती निकालाच्या दिवसाची. जन्मावरून माणसाची पायरी ठरविणारी उतरंड नाकारून आपण बाहेर पडलो. त्याच घरात आता पर्सेंटाइलची उतरंड मांडायची? कर्ज काढून फी भरली म्हणून मुलीने मान खाली घालून जेवायचे?

मुलीला परीक्षेला जरूर बसवा. एनसीईआरटीची पुस्तके मोबाइलवर फुकट मिळतात, जुन्या प्रश्नपत्रिकाही मिळतात. अकरावीच्या पहिल्या महिन्यापासून ती हाती द्या. आणि फी भरण्यापूर्वी तिला डॉक्टरच व्हायचे आहे का, हे विचारा. मला शाळेत भेटणाऱ्या पालकांपैकी फार थोड्यांनी ते विचारलेले असते.