चार भुजांचा बीजाणू

ओढ्यात बुडालेलं पान कुजतं ते मुख्यतः बुरशीमुळे. तिचे धागे पानाच्या आत पसरलेले, त्यामुळे वरून काहीच कळत नाही. ओळख पटते ती बीजाणूंवरून, आणि ते हजारोंनी सापडतात दगडाआड साचलेल्या फेसात. सी. टी. इंगोल्ड यांनी इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या ओढ्यातली अल्डर झाडाची कुजकी पानं तपासून १९४२ साली या बुरशांवर शोधनिबंध लिहिला. काही जाती आधीही नोंदल्या गेल्या होत्या, पण वाहत्या पाण्यात यांची एक स्वतंत्र वस्ती आहे हे लक्षात आलं ते त्यांच्यामुळे.

जमिनीवरच्या बुरशीचा बीजाणू बहुधा गोल किंवा लंबगोल, अवघ्या काही मायक्रॉनांचा. ओढ्यातला बीजाणू भुजांच्या टोकापासून टोकापर्यंत सहज ५० ते १०० मायक्रॉन भरतो. काहींचा आकार लांबट, नागमोडी असतो. पुष्कळांना मात्र चार दिशांना फाकलेल्या चार भुजा असतात. सराटा कसाही पडला तरी तीन काट्यांवर बसतो, तसा हा बीजाणू पानाला तीन टोकांनी टेकतो आणि प्रवाहाने सहजी सुटत नाही. जॉन वेबस्टर यांनी १९५९ मध्ये प्रयोग करून दाखवलं की असे बीजाणू साध्या आकाराच्या बीजाणूंपेक्षा जास्त प्रमाणात अडकतात.

पण ‘चार भुजा’ एवढं लिहून वर्णन पुरं होत नाही, आणि या विषयातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते इथेच आहे. लेमोनिएरा या बुरशीत चारही भुजा एकाच वेळी फुटतात आणि सारख्या वाढतात. आर्टिक्युलोस्पोरात आधी एक भुजा तयार होते, मग तिच्या टोकाला बाकीच्या तीन एकामागून एक कळीसारख्या उगवतात. सांध्यापाशी बारीक आवळलेपणा राहतो. ट्रायक्लेडियममध्ये एक लांब अक्ष, आणि त्याच्या कुशीतून वेगवेगळ्या उंचीवर दोन फांद्या. क्लॅव्हेरिऑप्सिसचा मुख्य भाग भोवऱ्यासारखा फुगीर, त्याच्या माथ्यावर तीन बारीक भुजा. सुटून तरंगणारा बीजाणू पाहिला तर हे सगळे एकाच कुळातले वाटतील. पान उथळ पाण्यात ठेवून, बुरशीच्या देठावर बीजाणू घडताना पाहिला, तरच त्यांच्या वाटा निराळ्या आहेत हे दिसतं. म्हणून इंगोल्ड यांच्या चित्रांत पूर्ण झालेल्या बीजाणूशेजारी त्याच्या वाढीच्या पायऱ्याही येतात. मला तो शास्त्रीय प्रामाणिकपणाचा नमुना वाटतो.

या वाटा निराळ्या आहेत याला पुढे भक्कम पुष्टी मिळाली. इंगोल्डिएला या बुरशीच्या धाग्यांवर छत्रीवर्गीय बुरशांत आढळणारे जोड-आकडे सापडले. म्हणजे बहुसंख्य जातींपासून दूरच्या घराण्यातही चार भुजा अवतरल्या होत्या. डीएनएच्या अभ्यासात तर ट्रायक्लेडियम नावाखाली गोळा केलेल्या जातीच वेगवेगळ्या शाखांवर विखुरलेल्या निघाल्या. पाण्याने एकच आकार पुन्हापुन्हा घडवून घेतला आहे.

आपल्या सह्याद्रीतही ही वस्ती आहे. पश्चिम घाटाच्या कर्नाटकातल्या ओढ्यांत के. आर. श्रीधर आणि के. एम. कावेरिअप्पा यांनी तिचा दीर्घकाळ अभ्यास केला. उष्ण प्रदेशातल्या फेसात चंद्रकोरीच्या आकाराची ल्युन्युलोस्पोरा आणि ट्रायसेलोफोरस हमखास भेटतात. आता पाण्याच्या नमुन्यातला डीएनए वाचून जातींची यादी मिळवता येते, आणि ती मिळवावीच. पण कोणती भुजा आधी फुटली हे त्या यादीत येत नाही. त्यासाठी कोणीतरी बशीतल्या पानाजवळ तासन्‌तास बसायला हवं.