ग्रंथालयातील पुस्तक : एक अमानत

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर जे पहिले दिव्य प्रकटन झाले, त्याचा आरंभ वाचण्याच्या आज्ञेने झाला, ही गोष्ट आपल्या घराघरांत अभिमानाने सांगितली जाते. त्या आज्ञेला लागूनच आलेल्या अटीकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. वाचायचे ते पालनकर्त्याच्या नावाने. ज्याच्या नावाने एखादे कार्य आरंभायचे, त्याच्यापुढे त्या कार्याचा हिशेबही द्यावा लागतो. म्हणूनच ‘आता पुढे काय वाचावे?’ हा प्रश्न श्रद्धावंतासाठी केवळ आवडीनिवडीचा उरत नाही.

मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहतो तो सार्वजनिक ग्रंथालयाच्या कपाटासमोर. १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पार्ल्यातील १९२३ पासूनचा लोकमान्य सेवा संघ, मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ अशा संस्था नागरिकांनी स्वतःच्या श्रमांतून उभ्या केल्या. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अशा ग्रंथालयांना शासनमान्यता आणि अनुदान मिळण्याची व्यवस्था झाली. अंधेरी, घाटकोपर वा बोरिवलीच्या दोन खोल्यांच्या घरात पुस्तकांना वेगळी जागा कुठून मिळणार? अशा कुटुंबाला थोडी वर्गणी आणि थोडी अनामत भरून हजारो ग्रंथांचे दार उघडते. ‘ते मराठी ग्रंथालय, ते आपले नव्हे’ असे आपल्यापैकी काही जण समजतात. ज्या भाषेत आपण व्यवहार करतो, ज्या भाषेत हे मासिक वाचतो, तिचे ग्रंथभांडार परके कसे असेल?

वर्गणीच्या पावतीवर लिहिलेला ‘अनामत’ हा शब्दच पाहा. तो आपल्याच ‘अमानत’चे मराठीत रुळलेले रूप आहे. देवघेवीच्या खिडकीशी दोन अमानती एकाच वेळी हात बदलतात. आपली रक्कम ग्रंथालयाकडे जाते आणि ग्रंथालयाचे पुस्तक आपल्याकडे येते. पवित्र कुरआनने अमानती त्यांच्या हक्कदारांना पोहोचविण्याची आज्ञा दिली आहे (सूरह अन्-निसा, ५८). आपली अनामत एक दिवस आपल्याला परत हवी असते, आणि त्याविषयी आपण जागरूकही असतो. दुसऱ्या अमानतीविषयी आपण तेवढेच जागरूक असतो काय?

वापरून परत करण्यासाठी घेतलेल्या वस्तूला फिक्हच्या परिभाषेत ‘आरियत’ म्हणतात. हनफी मताप्रमाणे ती घेणाऱ्याच्या हाती अमानत असते. त्याने हयगय केली नसेल, तर नुकसानीची भरपाई त्याच्यावर येत नाही. शाफई मत, जे आपले कोकणी बांधव पाळतात, अधिक कडक आहे. परवानगी दिलेल्या वापराने होणारी झीज सोडून वस्तूचे नुकसान झाले, तर हयगय नसतानाही भरपाई द्यावी लागते. ग्रंथालय वर्गणी घेते, म्हणून हा व्यवहार नेमका कोणत्या प्रकारात बसतो यावर चर्चा होऊ शकेल. पण निष्काळजीपणाला सूट नाही, यावर दोन्ही मते एक आहेत.

येथेच खरा नैतिक पेच आहे. परीक्षेची तयारी करणारा एखादा तरुण संदर्भग्रंथाची चार पाने फाडून नेतो. कोणी शाईने ओळी अधोरेखित करतो. कोणी मागणी असलेले पुस्तक महिनोन्‌महिने घरात ठेवतो आणि दंड भरून मोकळा होतो. दंडाने ग्रंथालयाची वही पुरी होते, पण ज्या मुलीने तेच पुस्तक शोधले आणि जी रिकाम्या हाताने परत गेली, तिचे काय? तिचा हक्क हा ‘हुकूकुल इबाद’, म्हणजे दासांच्या हक्कांपैकी आहे. आपल्याला शिकविले गेले आहे की, अल्लाहच्या हक्कातील उणिवा त्याच्या कृपेने माफ होऊ शकतात, परंतु माणसाच्या हक्काची माफी त्या माणसाकडूनच मागावी लागते. शेजाऱ्याची वस्तू बिघडली तर त्याचे दार ठोठावता येते. आपल्यानंतर ते पुस्तक मागणाऱ्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते. ज्याची माफी मागताच येणार नाही, त्याचा हक्क अधिक भीतीने जपला पाहिजे.

या दृष्टीने पाहिले की पुस्तक निवडणे आणि ते वेळेवर परत करणे या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. जे आपण वाचणार नाही ते घरी नेणे म्हणजे दुसऱ्याला त्यापासून वंचित करणे. म्हणून निवडण्यापूर्वी स्वतःला विचारावे : ठरलेल्या दिवसांत हे मी खरोखर वाचीन काय? आणि वाचून माझ्यात काय बदलेल? आदरणीय प्रेषित (स.) लाभ न देणाऱ्या ज्ञानापासून अल्लाहचा आश्रय मागत असत. कयामतच्या दिवशी आयुष्य कशात घालविले आणि ज्ञानाचे काय केले, हे विचारले जाईल, अशीही त्यांची शिकवण आहे.

परंतु ‘लाभदायक’चा अर्थ ‘केवळ धार्मिक’ असा करणे ही संकुचितता होय. नमाज, रोजा, हलाल-हराम यांचे आवश्यक ज्ञान अग्रक्रमाने मिळवावे, यात शंका नाही. त्यापुढे आरोग्य, कायदा, इतिहास, विज्ञान, आणि माणसाचे दुःख समजावणारी चांगली कादंबरीही मनुष्याला न्यायी व दयाळू करू शकते. मुलीच्या हातातील अवांतर पुस्तक पाहून ते काढून घेण्याआधी पालकांनी ते स्वतः उघडून पाहावे. आपल्याशी असहमत असलेले लेखनही पारखून वाचता येते. जे वचन ऐकून त्यातील उत्तमाचे अनुसरण करतात, अशा दासांना कुरआनने शुभवार्ता दिली आहे (सूरह अज्-जुमर, १८). त्याच मराठी कपाटांत साने गुरुजींचे ‘इस्लामी संस्कृती’, विनोबांचे ‘कुराणसार’ किंवा श्रीपाद जोशी यांचा उर्दू-मराठी शब्दकोश आढळू शकेल. प्रत्येक मुद्द्यावर आपण त्यांच्याशी सहमत असू असे नाही. पण शेजाऱ्याने आपल्याला समजून घेण्यासाठी किती कष्ट घेतले, हे जाणणे हेही ज्ञानच आहे.

तेराव्या शतकाच्या आरंभी भूगोलज्ञ याकूत अल्-हमवी (र.) मर्व शहरात राहिले. तेथील दहा वक्फ ग्रंथालयांची वाखाणणी करताना ते सांगतात की, आपल्या घरी एका वेळी दोनशे वा त्याहून अधिक पुस्तके असत आणि त्यांपैकी बहुतेकांसाठी तारण घेतले गेले नव्हते. एवढी पुस्तके अडवून ठेवणे योग्य होते काय? याचे उत्तर त्यांच्या श्रमांनी दिले. तेथे वाचलेल्यातून त्यांच्या ‘मुअजमुल् बुल्दान’ या भौगोलिक कोशाला सामग्री मिळाली. १२२१ साली मंगोलांनी मर्व उद्ध्वस्त केले. ग्रंथालये गेली, पण त्यांतून घेतलेले ज्ञान त्या कोशातून आजही वाचकांपर्यंत पोहोचते. घेतलेल्याहून उत्तम परत करणे ही प्रेषितांची (स.) सुन्नत आहे. याकूत यांनी ती ज्ञानाच्या बाबतीत पाळली.

ग्रंथालयाच्या पुस्तकावर परतीची तारीख शिक्क्याने उमटविलेली असते. आपले आयुष्यही उसनेच आहे, फक्त त्यावरील तारीख आपल्याला दाखविलेली नाही. पुढचे पुस्तक निवडताना एवढे स्मरण पुरेसे आहे. अल्लाह आपल्या ज्ञानात वृद्धी करो आणि प्रत्येक अमानत हक्कदाराच्या हाती सुस्थितीत पोहोचविण्याची आपल्याला सद्बुद्धी देवो. आमीन.