झेले अण्णांच्या आधीची वीस वर्षे

आमच्या गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. पडद्यावर पांढरी टोपी आणि धोतर दिसले, मान जराशी तिरकी झाली आणि तो दबका, घशातल्या घशात फिरणारा आवाज आला की बायकांच्या बाजूने बोटे मोडल्याचा आवाज यायचा. "मुडदा बशिवला तुझा," असे माझी आजी अगदी मनापासून म्हणायची. तिच्या लेखी तो नट नव्हताच. तिने आयुष्यभर लांबून पाहिलेली, जिच्या वाड्यासमोरून जाताना पदर सारखा करावा लागे, अशी ती एक असामी होती. निळू फुले यांच्या अभिनयाला याहून मोठी पावती मिळाली असेल असे मला वाटत नाही. आजीला कळायला हवी होती आणि कधीच कळली नाही ती गोष्ट मात्र वेगळी आहे. ज्याला ती शिव्या घालत होती, तो माणूस तिच्याच बाजूचा होता.

नटाचे चरित्र लिहिताना आपल्याकडे सुरुवातीची वर्षे उरकून टाकायची पद्धत आहे. गरिबी, धडपड, मग कुणीतरी हेरले, मग पहिला चित्रपट. तिथून खरे आयुष्य सुरू झाले असे धरून चालायचे. फुल्यांच्या बाबतीत ही मांडणी साफ चुकते. अनंत माने यांचा 'एक गाव बारा भानगडी' १९६८ साली आला. त्यातल्या झेले अण्णांनी त्यांना महाराष्ट्रभर पोहोचवले, तेव्हा ते चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. ज्या वयात नायक उताराला लागतात त्या वयात या माणसाचा पडद्यावर प्रवेश झाला. आधीची वीस वर्षे ते सिनेमाची वाट पाहत बसले नव्हते. ती वर्षे त्यांच्या कामाची होती, आणि पुढे पडद्यावर जे दिसले ते त्या कामाचे पीक होते.

सतराव्या वर्षी ते पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून लागले. पगार महिना ८० रुपये. त्यातले १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. स्वतःची रोपवाटिका काढावी अशी इच्छा होती, पण भांडवल नव्हते. मला या हकिगतीतले ते १० रुपये फार महत्त्वाचे वाटतात. पगाराचा आठवा हिस्सा जो तरुण संघटनेला देतो, त्याच्यासाठी ती संघटना म्हणजे संध्याकाळचा विरंगुळा उरत नाही. सेवा दलाचे कलापथक ही फुल्यांची खरी शाळा, आणि ती फुकटातली नव्हती.

हे कलापथक म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला थोडे सांगायला हवे. १९४१ साली एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली नव्याने उभ्या राहिलेल्या सेवा दलाने लोकांशी बोलायला लोकांचेच माध्यम उचलले. गण, गौळण, बतावणी, वग हा तमाशाचा साचा घेतला आणि आतला मजकूर बदलला. वगातल्या राजाच्या जागी मंत्री बसला, प्रधानाच्या जागी कंत्राटदार आला. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारखी माणसे त्यामागे होती. पु. ल. देशपांडे यांचे 'पुढारी पाहिजे' याच मुशीतले. दादा कोंडके, राम नगरकर, निळू फुले हे तिघेही याच अंगणात वाढले. फुल्यांनी तर १९५७च्या निवडणुकीच्या सुमारास 'येरा गबाळ्याचे काम नोहे' हा वग स्वतः लिहिला. म्हणजे पडद्यावर राजकारणी रंगवण्याच्या दहा वर्षे आधी त्यांनी राजकारण्याला कागदावर उलगडून पाहिले होते.

वगात लिहिलेले शब्द थोडे, तोंडी लावलेले फार. समोरची माणसे कुठे हसतात, कुठे गप्प होतात, त्यावर पुढचे वाक्य ठरायचे. गावातला सरपंच पुढच्या रांगेत बसलेला असताना त्याचीच नक्कल करायची, ती त्याला झोंबली पाहिजे आणि तरी त्याला उठून जाता येऊ नये. ही कसरत ज्याला जमली त्याला कॅमेऱ्यासमोर उगाच ओरडावे लागत नाही. फुल्यांचा खलनायक कधी आरडाओरडा करत नाही, यामागे मला ही वर्षे दिसतात. ज्याच्या हातात खरी सत्ता असते तो हळू बोलतो, कारण ऐकून घेणे ही समोरच्याची गरज असते. हे त्यांनी कुणा गुरूकडून शिकण्याऐवजी गावोगावच्या चावड्यांवर पाहून घेतले असणार.

आणि नेमक्या त्याच काळात चावडी बदलत होती. १९६० साली राज्य झाले, १९६२ साली जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. सहकारी साखर कारखाने उभे राहत होते. जुना वाडा आणि नवी खुर्ची एकत्र आली. वंशाने मिळालेला दरारा आणि मतांनी मिळालेला अधिकार एकाच माणसाच्या अंगावर चढला. अशा माणसाचे चालणे कसे असते, तो चहा कसा पाजतो, मदत करतानाच गळ्यात दोरी कशी अडकवतो, हे मराठी कादंबरीने पुढे सावकाश लिहिले. फुल्यांच्या अंगात ते आधीच मुरले होते. शंकर पाटलांचे 'कथा अकलेच्या कांद्याची' हे लोकनाट्य त्यांनी गाजवले आणि त्याच वाटेने ते अनंत मान्यांच्या सिनेमात पोहोचले.

पुढची कारकीर्द सगळ्यांना ठाऊक आहे. इथे तीनच ठिकाणी थांबतो. १९७२ साली कमलाकर सारंगांनी तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' बसवले आणि सखाराम म्हणून वगातला हा माणूस उभा केला. नाटकावर वादळ उठले, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. टाकलेल्या बायकांना घरी आणून ठेवणारा, शिवराळ, तरीही स्वतःपुरता प्रामाणिक असा तो बुकबाइंडर शहरी नटाच्या हातून बेतीव झाला असता. फुल्यांना ती भाषा चोरून आणावी लागली नाही.

मग १९७५ चा 'सामना'. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, पटकथा तेंडुलकरांची. हिंदुराव धोंडे पाटील साखर कारखान्याचा सर्वेसर्वा आहे आणि डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर दारूत बुडालेला, वाट चुकलेला जुना कार्यकर्ता. मारुती कांबळेचे काय झाले, हा मास्तरचा एकच प्रश्न हिंदुरावला पोखरत जातो. फुल्यांनी हिंदुरावला राक्षस केले नाही. त्याला मास्तरचा लळा लागतो, तो त्याला खाऊ-पिऊ घालतो, आणि तो लळा खरा आहे असे आपल्याला वाटत राहते. भीती तिथेच आहे. आपल्या गावाचे भले मीच केले असे ज्याला मनापासून वाटते, त्याच्या हातून मारुती कांबळे नाहीसा होतो. विरोधकाला इतके आतून समजून घेणे द्वेषाने जमत नाही. मला इथे सेवा दलाचा तो माळी पुन्हा दिसतो.

चार वर्षांनी 'सिंहासन'मध्ये तेच फुले दिगू टिपणीस झाले: सत्तेच्या दालनातून फिरणारा, सगळे पाहणारा, काही करू न शकणारा पत्रकार. खुर्चीवरचा माणूस ज्याने इतका अचूक रंगवला, त्यानेच खुर्चीभोवती उभ्या असलेल्याची तगमग रंगवली. माझ्या मते दिगू ही त्यांची सर्वांत अवघड भूमिका, कारण तिथे वाडा नाही, टोपी नाही, आवाजाची ती ओळखीची फेक नाही. फक्त डोळे आहेत.

नाव झाल्यावरही त्यांनी चळवळीची संगत सोडली नाही. डॉ. बाबा आढाव, डॉ. लागू यांच्याबरोबर सामाजिक कृतज्ञता निधीसाठी ते झटले. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून हा निधी उभा केला गेला, आणि त्यासाठी या मंडळींनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. पगारातल्या १० रुपयांची ती सवय शेवटपर्यंत टिकली असे मला वाटते.

१३ जुलै २००९ रोजी ते गेले, तेव्हा आजी जाऊन बरीच वर्षे झाली होती. आज नकलाकार मंचावर येतात, मान तिरकी करतात, आवाज घशात ओढतात आणि बाईला वाड्यावर बोलावतात, लोक हसतात. मला तेव्हा तंबूतला तो अंधार आठवतो. तिथे कुणी हसत नव्हते. आजी बोटे मोडत होती आणि तिच्या शेजारची बाई तोंडावर पदर घेऊन गप्प बसली होती.